रोज रात्री हिवाळा

महाबळेश्वरच्या रानात थंडीत पुरुषभर उंचीचा, पांढऱ्या फुलांचा एक दांडा दिसतो. देवनळ म्हणतात त्याला, कुणी रानतंबाखू. ही लोबेलिया. तिचे आफ्रिकेतले भाऊबंद बघायचे तर केनिया पर्वतावर ४,००० मीटरपर्यंत चढावं लागेल. हा पर्वत विषुववृत्ताला लागूनच. इथे उन्हाळा रोज दुपारी येतो आणि हिवाळा रोज रात्री, बाराही महिने.

लोबेलिया केनियेन्सिसची पानं कोबीच्या गड्ड्यासारखी रचलेली असतात आणि मधल्या द्रोणात पाणी साठलेलं असतं, जरासं बुळबुळीत. पहाटे वाकून पाहावं तर वर बर्फाची चकती. ती उचलली की खाली पाणीच. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं. त्यामुळे सगळा साठा गोठत नाही तोवर तळचा कोवळा कोंब शून्याखाली जात नाही, आणि तोपर्यंत उजाडतं. शिवाय संध्याकाळी पानं आत मिटतात, ती गोधडी वेगळीच! या पाण्यात चिलटांसारख्या, न चावणाऱ्या माशांच्या अळ्याही वाढतात.

तिची बहीण लोबेलिया टेलेकी. १८८७ साली या पर्वतावर चढलेल्या सॅम्युएल टेलेकी या हंगेरियन सरदाराचं नाव तिला मिळालं. ती राहते कोरड्या, खडकाळ उतारावर. तिचा फुलोरा तीन मीटरपर्यंत जातो आणि दुरून एखादं अस्वल मागच्या पायांवर उभं असल्यासारखा वाटतो, इतका केसाळ. थंडी अडवायला हे केस. निळसर फुलं त्यांत अशी दडलेली असतात की लांब चोचीच्या शिंजिरालाच ती सापडावीत.

मला खरी गंमत वाटते ती दोघींच्या हिशोबाची. केनियेन्सिसला फुटवे येतात. एक गड्डा फुलून मेला तरी झाड जगतं आणि काही वर्षांनी पुन्हा फुलतं. टेलेकीला बहुधा एकच गड्डा. ती ४० ते ७० वर्षं नुसती वाढते, एकदाच फुलते आणि मरते. उधळपट्टी वाटते ना? ट्रुमन यंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने दोघींवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. कोरड्या जागी वाढ इतकी सावकाश होते, की एकदा फुलल्यावर पुढच्या बहरापर्यंत जगण्याची खात्रीच नसते. मग राखून ठेवायचं कुणासाठी? सगळी पुंजी एकाच फुलोऱ्यात ओतली तर बियाही कितीतरी जास्त होतात. ओलाव्याच्या सपाटीवर मात्र पुढच्या खेपेची वाट पाहणं परवडतं, म्हणून तिथे केनियेन्सिस.