डिलिव्हरीआधी तुमचं मशीन आम्ही तीन दिवस का ठेवून घेतो

ड्रायव्हर (कॅमेऱ्याचं कार्ड चालवणारा प्रोग्राम) बसला, कॅमेरा सुरू झाला, मग संत्रा ग्रेडिंगचं मशीन, म्हणजे त्यातला कॉम्प्युटर, हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपात आणखी तीन दिवस कशाला, असं बहुतेक ग्राहक विचारतात.

मेमरीचं दुखणं पहिल्या दिवशी दिसत नाही, म्हणून. संत्रा ग्रेडिंगच्या कॅमेऱ्याची ४०९६ बाय ३०७२ पिक्सेलची फ्रेम, पिक्सेलला एक बाइट धरला तरी, १२ एमबीची होते. कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या काही कॅप्चर कार्डांना एवढी जागा रॅममध्ये सलग लागते. लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरी ४ केबीच्या पानांत वाटतो आणि एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) मशीनवर नेहमीच्या वाटपातून सलग तुकडा साधारणपणे ४ एमबीपर्यंतच देतो. पंगतीत शंभर पाट रिकामे असले तरी सोळा जणांच्या कुटुंबाला एका ओळीत बसवायचं तर सलग सोळा पाट लागतात. मशीन काही दिवस चाललं की रिकामी पानं विखुरतात; निम्मी रॅम मोकळी दिसते, तरी मोठी मागणी नाकारली जाते.

व्हीमॅलॉक हा कर्नलमधला दुसरा मार्ग विखुरलेली पानं जोडून सलग पत्ते देतो, पण ते सलगपण प्रोसेसरपुरतं. थेट रॅमचे पत्ते वापरणाऱ्या कार्डाला त्याचा उपयोग नाही. म्हणून बूट होतानाच आम्ही सीएमएची, म्हणजे मोठ्या सलग मागण्यांसाठीची, जागा राखतो. एरवी कर्नल तिथे हलवता येणारी पानं ठेवतो आणि मागणी आली की ती दुसरीकडे नेतो. त्यातलं एखादं पान कुणी धरून ठेवलं असेल, तर तेवढी जागा हाती लागत नाही.

हे आम्ही नुकसान बघून शिकलो. ऐन मृग बहारात एका ग्राहकाची लाइन अकराव्या दिवशी थांबली. ड्रायव्हर आमचा होता, आणि आम्ही तो फक्त नुकत्याच सुरू केलेल्या मशीनवर तपासला होता. तशी तपासणी आम्ही आता धरतच नाही.

आता आधी मेमरी मुद्दाम विस्कटतो, मग मोठ्या मागण्या हजारो वेळा करतो आणि सोडतो. कर्नलच्या फॉल्ट इंजेक्शनने काही मागण्या मुद्दाम नाकारायलाही लावतो. नकार येणारच, तेव्हा ड्रायव्हरने ती फ्रेम सोडून पुढे चालावं, अख्खं मशीन पाडू नये.

एक विनंती. लाइन थांबली तर लगेच रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टने मशीन चालू होतं, पण पुरावा जातो. आधी डीमेसेज (dmesg, कर्नलच्या संदेशांची नोंद) आणि प्रॉकमधली बडीइन्फो फाइल (/proc/buddyinfo, मोकळ्या सलग तुकड्यांची मोजणी) कॉपी करून आम्हाला पाठवा. बडीइन्फोत सगळ्यात उजवीकडचा आकडा सलग ४ एमबीचे किती तुकडे शिल्लक आहेत ते सांगतो.