२१४७४८३६४७ (संख्या)

२,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ चा ३१ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, ही आली. ही मूळ संख्या आहे, १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात आणि त्यात हिचा नंबर आठवा: ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७ आणि मग एकदम उडी मारून ही.

आता घातांक मूळ असला की उत्तर पण मूळच येणार असं वाटतं, पण तसं अजिबात नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते निघतं २३ गुणिले ८९. २३ आणि २९ घातांकांची पण तीच गत. ज्याच्या नावावरून हे नाव पडलं त्या फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या यादीत ३१ घातला होता, पण पुरावा दिला नव्हता.

पुरावा स्विस गणिती ऑयलरने १७७२ मध्ये दिला, आणि या संख्येची खरी मजा इथेच आहे. सरळ भागून बघायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावं लागतं आणि त्या पावणेपाच हजारांच्या आसपास आहेत. पण वरच्या २३ आणि ८९ कडे नीट बघा, दोघांनाही ११ ने भागलं की बाकी १ उरते. हा योगायोग नाही, नियमच आहे. तसंच इथे जो कोणी अवयव असेल त्याला ३१ ने भागून बाकी १ च यायला हवी, शिवाय ८ ने भागून १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ येणाऱ्याच संख्या उरतात, अशा पावणेचारशेच्या आसपास, आणि त्यातल्याही फक्त मूळ तेवढ्या तपासायच्या. एकानेही भाग जात नाही. हे केलं तेव्हा ऑयलर सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची नजर जवळजवळ पूर्ण गेलेली होती, हे वाचून मला दरवेळी भरून येतं. पुढे निदान पाऊणशे वर्षं हीच माहितीतली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती.

बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत, ही ओळीने ३१ एक्के अशी लिहितात. कॉम्प्युटर संख्या ३२ बिटच्या, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांच्या खणात ठेवतो आणि त्यातली एक जागा अधिक-उणे चिन्हासाठी जाते, म्हणून अशा खणात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. पण मर्यादा आहे म्हणून ती मूळ आहे असं समजू नका. १६ बिटची मर्यादा ३२७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१, आणि ६४ बिटच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो. ३२ ला मात्र नशिबाने जमून आलंय.

जुन्या कॉम्प्युटर सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच ३२ बिटच्या खणात मोजतात. आपल्याकडे मंगळवार १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो खण भरेल, आणि ज्या सिस्टिम तोवर बदललेल्या नसतील त्यांचा आकडा पुढच्याच सेकंदाला उलटून ऋण होईल आणि घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवेल.