सरकारी हेलिकॉप्टरची सर्व्हिसिंग बाहेर कशी गेली

२५ मे २०१७ ला निलंग्यात मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडाल्याबरोबर खाली आलं, वायरीत अडकून आदळलं, आतले सगळे वाचले, पण तेव्हापासून आमच्या लातूरकडं टपरीवर पण लोक विचारतेत की ह्या सरकारी हेलिकॉप्टरची सर्व्हिसिंग करतं तरी कोण. ते सिकोर्स्की एस-७६ राज्य सरकारच्याच मालकीचं होतं. तो अपघात मेंटेनन्समुळं झाला असं मी म्हणत नाही, पण प्रश्न एकदम रास्त आहे.

चिकलठाण्याला एसटीचं मोठं वर्कशॉप आहे ना, ते परवडतं कारण गाड्या हजारोंनी आहेत. राज्य सरकारकडं विमानं बोटावर मोजण्याइतकी, त्यांच्यासाठी हँगर, महागडे टूल, पार्टचा स्टॉक आणि ट्रेनिंग झालेले माणसं कायमचे ठेवायचे म्हणजे हत्ती पोसणं.

लायसन आधी माणसाला लागतं. १९३७ च्या विमान नियमांत एएमई म्हणजे लायसनवाला मेंटेनन्स इंजिनिअर आहे, त्यानं सही केल्याशिवाय विमान उडायला मोकळं नाही. २००० नंतर डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, युरोपच्या धर्तीवर सीएआर-१४५ हे मेंटेनन्स संस्थांच्या मान्यतेचे नियम आणले, त्यात एकट्या इंजिनिअरच्या लायसनवर भागत नाही, त्याच्यामागं मान्यता असलेली संस्था पण लागते. ही मान्यता किती बारीक असते बघा, नट आवळायचा टॉर्क रेंच असतो, त्याच्यावर कॅलिब्रेशनची तारीख चिकटवलेली असते, ती तारीख उलटली की रेंच कितीही चांगला असू द्या त्याला हात लावायचा नाही, आणि काम संपल्यावर टूल मोजायचे, एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही. एवढं सगळं दोन-तीन मशीनसाठी सांभाळण्यापेक्षा मान्यतावाल्या कंपनीला काँट्रॅक्ट देणं सोपं, म्हणून टेंडर आले.

खरी अडचण इथंच आहे. सरकारी टेंडर म्हणलं की सगळ्यात कमी रेटवाला, एल-वन. रस्त्याच्या मुरुमाला ते ठीक असेल, पण इथं पार्ट डॉलरमध्ये येतेत, इंजिनिअरचं रेटिंग, म्हणजे सही करायची परवानगी, त्याच मॉडेलचं लागतं, आणि मशीन नुसतं उभं राहिलं तरी महिन्यांच्या हिशोबानं तपासण्या येतातच, फाईल मंत्रालयात अडकली म्हणून तपासणीची तारीख थांबत नाही.

शेजारी मध्य प्रदेशात मे २०२१ मध्ये रेमडेसिविर हे कोरोनाचं औषध आणणारं सरकारी विमान ग्वाल्हेरला उतरताना आदळलं, आणि नंतर कळलं की त्याचा इन्शुरन्सच नव्हता. विमान सरकारचं असलं की कुठलं काम नेमकं कुणाच्या टेबलावरचं हेच ठरत नाही आणि ते असं राहून जातं, मला तर हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. म्हणून पुढचं टेंडर निघालं की रेटच्या आधी हे बघा की त्या मॉडेलवर सही करू शकणारे इंजिनिअर त्या कंपनीकडं किती आहेत, आणि एक रजेवर गेला तर दुसरा आहे का.