बार्सिलोनाला निघण्याआधी हे वाचून घ्या

नमस्कार मंडळी,

आपल्या ऑफिसमधून बार्सिलोनाचं बुकिंग केलेल्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. व्हिसा-तिकिटांच्या फाईलमध्येच ठेवा आणि निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी वाचा, कारण बरेचदा वाचतो एकच जण आणि बाकीचे त्याच्या मागे मागे फिरतात. आमचं मुख्य सांगणं एकच आहे, या शहराच्या वेळा आधी समजून घ्या. तिकिटं, जेवण, दुकानं, मेट्रो, सगळ्याचं तिथे टायमिंग ठरलेलं आहे आणि आपण "तिथे गेल्यावर बघू" म्हणून निघालो की नेमकी तीच गोष्ट हुकते.

सग्रादा फामिलिया या चर्चपासूनच सुरुवात करू, कारण बहुतेक जण त्यासाठीच जातात. तिकीट ऑनलाइन काढायचं, तारीख आणि वेळेचा स्लॉट घेऊनच, आणि सीझनमध्ये स्लॉट खूप आधी भरतात, त्यामुळे विमानाचं तिकीट कन्फर्म झालं की पुढचं काम हेच. आता स्लॉट कुठला घ्यायचा, तर एकतर सकाळी लवकरचा नाहीतर संध्याकाळी ऊन कलतं तेव्हाचा. पूर्वेकडच्या बाजूच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेकडच्या लाल-केशरी, म्हणजे सकाळी आत गेलात तर खांबांवर आणि फरशीवर हिरवट-निळा उजेड पसरलेला दिसतो आणि संध्याकाळी तेच खांब पेटल्यासारखे लाल होतात. खांब वर जाऊन झाडाच्या फांद्यांसारखे फुटतात, तिथे मान वर करून दहा मिनिटं शांत उभं राहा, फोटो नंतर काढा. काम १८८२ साली सुरू झालं, पुढच्याच वर्षी गाउदी या आर्किटेक्टने ते हातात घेतलं आणि १९२६ साली ट्रामच्या धडकेने तो गेला तोपर्यंत तो त्यातच होता, त्याला पुरलंय पण तिथेच, खाली तळघरात. ऑक्टोबर २०२५ मध्ये हे जगातलं सगळ्यात उंच चर्च झालं. मनोऱ्याचं तिकीट वेगळं असतं, वर जायला लिफ्ट आहे पण उतरताना अरुंद गोल जिना पायी उतरावा लागतो, गुडघे दुखत असतील तर ते तिकीट घेऊच नका, खरं बघण्यासारखं आतच आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला, हे प्रार्थनास्थळ आहे.

पार्क ग्वेल या गाउदीच्याच बागेलाही वेळेचं तिकीट लागतं. ते टेकडीवर आहे, मेट्रो स्टेशनपासून चांगलाच चढ आहे, बरोबर आई-बाबा असतील तर बस किंवा टॅक्सीने जा. दुपारच्या उन्हात जाऊ नका, सावली कमी. कासा बाट्लो आणि कासा मिला ही गाउदीची दोन घरं एकाच रस्त्यावर आहेत, पासेच दे ग्रासिया, आणि दोन्हीची तिकिटं महाग आहेत. आमचं मत विचाराल तर आतून एकच बघा आणि दुसरं बाहेरून, बाहेरून बघायला पैसे लागत नाहीत आणि रात्रीच्या लाइटमध्ये तर दोन्ही सुंदर दिसतात. पिकासो म्युझियम सोमवारी बंद असतं. फ्री एंट्रीचे काही तास असतात पण त्याचंही बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं.

एअरपोर्ट आणि मेट्रो

इथे गोंधळ फार होतो म्हणून नीट वाचा. टी-कॅज्युअल नावाचं दहा प्रवासांचं कार्ड मिळतं, मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे चालतं, एका प्रवासात सव्वा तासाच्या आत गाडी बदलली तर परत पैसे कटत नाहीत. पण ते एकाच माणसाचं असतं, चौघांत एक कार्ड फिरवता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं घ्यायचं. घरातले सगळे मिळून वापरायचं असेल तर टी-फमिलियार घ्या, त्यात आठ प्रवास, आणि ते महिनाभर चालतं. आणि लक्षात ठेवा, एअरपोर्टच्या मेट्रो स्टेशनांवर ही दोन्ही कार्डं चालत नाहीत, तिथे वेगळं तिकीट लागतं आणि ते बरंच महाग आहे. टी-कॅज्युअल असेल तर टर्मिनल २ वरून सुटणारी लोकल ट्रेन घ्या, ती सान्त्स स्टेशन आणि पासेच दे ग्रासियाला जाते आणि तिच्यात हे कार्ड चालतं. टर्मिनल १ ला उतरलात तर तिथून टर्मिनल २ ला फुकट शटल बस आहे. सामान जास्त असेल, बरोबर लहान मुलं असतील, तर सरळ एरोबुस पकडा, दोन्ही टर्मिनलवरून सुटते आणि प्लासा कातालुन्या या शहराच्या मधल्या चौकात सोडते. टॅक्सी काळी-पिवळीच आहे, मीटरने जाते.

मेट्रो रविवार ते गुरुवार रात्री बारापर्यंत असते, शुक्रवारी रात्री दोनपर्यंत आणि शनिवारी रात्रभर. चालायची सवय मात्र ठेवा. एशाम्प्ला भागात रस्ते आखून काढलेल्या चौकोनांचे आहेत, सेर्दा नावाच्या इंजिनिअरचा १८५९ चा प्लॅन, आणि प्रत्येक चौकाचे कोपरे तिरके कापलेत, त्यामुळे झेब्रा क्रॉसिंग कोपऱ्यावर नसतं तर थोडं आत असतं. सरळ चाललोय असं वाटतं पण प्रत्येक चौकात आत-बाहेर करत जावं लागतं आणि मॅपवरचे दहा मिनिटांचे पंधरा कधी होतात कळत नाही. स्लॉट गाठायचा असेल तेव्हा हा वेळ धरूनच हॉटेलमधून निघा.

खाणं

दुपारचं जेवण तिथे दोनच्या सुमारास आणि रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात, चार ते आठ धरा, बऱ्याच चांगल्या हॉटेलांचं किचनच बंद असतं, आणि त्या वेळेत जे सर्रास उघडं असतं ते टुरिस्टांसाठीचं, ला रांब्ला या गजबजलेल्या रस्त्यावरचं, महाग आणि साधारण. म्हणून दुपारी पोटभर जेवा, मेनू देल दिया मागा, ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, ब्रेड, गोड आणि बरेचदा पेयसुद्धा येतं. रात्री तापास म्हणजे छोट्या छोट्या प्लेटा सगळ्यांनी वाटून खायच्या.

व्हेज मंडळींसाठी जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त फोन आम्हाला याचेच येतात. तिथे नुसतं व्हेजिटेरियन सांगून भागत नाही, साध्या सॅलडवर ट्यूना मासा येतो, क्रोकेतामध्ये, म्हणजे तळलेल्या रोलमध्ये, हॅम असतं, सूप मटणाच्या नाहीतर हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं. म्हणून "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन" असं सांगा, म्हणजे मांस नको, मासे नको, हॅम नको. अंडं चालत नसेल तर "सिन उएवो". तिथली तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, ती पोळी नव्हे. कांदा-लसूण नको असेल तर "सिन सेबोया, सिन आहो" म्हणा, पण खरं सांगायचं तर तिथे ते पाळणं कठीण आहे, जैन मंडळींनी थेपले, खाकरे, इन्स्टंट पोहे-उपमा बरोबर घ्याच, आणि किचन असलेलं अपार्टमेंट हवं असेल तर आम्हाला बुकिंगच्या वेळीच सांगा.

खायचं काय मग, तर पा आंब तुमाकेत. भाजलेल्या ब्रेडवर लसणाची पाकळी आणि पिकलेला टोमॅटो नुसता घासतात, रस ब्रेडमध्ये मुरतो, वरून ऑलिव्ह ऑइल आणि मीठ, बास. पातातास ब्रावास म्हणजे तळलेले बटाटे तिखटसर सॉसमध्ये, पिमिएन्तोस दे पाद्रोन म्हणजे छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून जाड मीठ घातलेल्या, गझपाचो हे टोमॅटोचं गार सूप. एस्कालिवादा तर आपल्या लोकांना हमखास आवडते, भरताच्या वांग्यासारखं भाजून सोललेलं वांगं आणि सिमला मिरची, वर तेल, पण त्यावर कधीकधी छोटे मासे ठेवतात म्हणून आधी विचारा. रावाल भागात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी दुकानं आणि खाणावळी भरपूर आहेत, डाळ-भाताची आठवण आली तर तिकडे जा. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, चव जरा जड लागते इतकंच.

रविवारी बहुतेक दुकानं आणि बोकेरिया मार्केट बंद असतं, खरेदी शनिवारपर्यंत उरका. ऑगस्टमध्ये उकाडा असतो आणि घरगुती चालवलेली बरीच हॉटेलं सुट्टीवर जातात, मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. २४ सप्टेंबरला ला मेर्से असते, शहराचा स्वतःचा उत्सव, त्यात माणसांचे मनोरे रचतात. दहीहंडी बघत वाढलेल्या आपल्या पोरांना तर ते दाखवाच, तिथे हंडी नसते पण सगळ्यात वर चढणारं लहान मूल एक हात वर करतं आणि मनोरा पूर्ण झाला असं धरतात.

पाकीटमारी

घाबरवायचं नाहीये, अंगावर धावून येणारे लुटारू तिथे नेहमीचे नाहीत, पण पाकीटमार खूप आणि हात सफाईदार. ला रांब्ला, मेट्रो, सान्त्स स्टेशन आणि समुद्रकिनारा ही त्यांची ठरलेली ठिकाणं. मेट्रोत चढताना पुढचा माणूस दारातच अचानक थांबतो, तुम्ही त्याच्यावर आदळता आणि मागचा तेवढ्यात काम करतो. कॅफेत टेबलावर मोबाइल ठेवला की कुणीतरी नकाशा नाहीतर कागद त्यावर धरून काहीतरी विचारतं, कागद उचलला की मोबाइलही जातो. तुमच्या शर्टावर काहीतरी घाण पडली म्हणून पुसायला मदत करायला येणाऱ्यापासून तर लगेच लांब व्हा. बॅग पुढे, झिप बंद, हात त्यावर, आणि बसलात की बॅग खुर्चीच्या पाठीला न लावता मांडीवर. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवा, बरोबर झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

कागदपत्रं आणि पैसे

व्हिसाची फाइल सहा महिने आधीपासून देता येते, पंधरा दिवसांच्या आत आलेली घेत नाहीत, त्यामुळे उशीर करू नका. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा लागतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे आणि हे सगळं तुम्ही पहिल्यांदा जिथे उतरता तिथे होतं. म्हणजे फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलत असाल तर तिथे, म्हणून तासाभराचं कनेक्शन आम्ही देत नाही, स्वस्त दिसलं तरी. एटीएममध्ये किंवा कार्ड मशीनवर रुपयात की युरोत असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयात रेट वाईट लागतो. हॉटेलमध्ये माणशी दर रात्रीचा टुरिस्ट टॅक्स वेगळा द्यावा लागतो, तो आपल्या पॅकेजमध्ये नसतो.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची कॉपी घ्या, इमर्जन्सी नंबर ११२ आहे, आणि लगेच आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे बार्सिलोनाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला लागणारे कागद आम्ही इकडून काढायला घेतो. तिथली घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतात, पण अशा कामासाठी आमच्याकडे रात्र आहे का ते बघत बसू नका, व्हाउचरवरच्या नंबरवर सरळ फोन लावा.