संसारात रमूनही ती का आठवते?

चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, कर्जाचे हप्ते निम्मे फिटलेले, मुलगी आठवीत. बायकोशी छान जमतं. तरीही वळवाचा पाऊस पडून मातीचा वास सुटला की कॉलेजातली ‘ती’ डोक्यात येऊन बसते आणि दोन-दोन दिवस हलत नाही. हा गृहस्थ मी लेखापुरता कल्पिला आहे, पण पुण्यात असा माणूस शोधायला फार पायपीट करावी लागणार नाही. आठवण आली म्हणून त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या हिशेबाने: इतक्या वर्षांनीही आठवते, म्हणजे खरं प्रेम तेच, मग हा संसार म्हणजे नुसतं निभावणं.

हा हिशेब कुठे चुकतो ते स्मृतीच्या अभ्यासातून बऱ्यापैकी कळतं. आठवण कोणत्या वयात बसली, तिला जागं करणाऱ्या खुणा किती वेळा समोर येतात आणि आपण ती मनात किती घोळवतो, यांवर तिचं येणं-जाणं बरंचसं ठरतं. वारंवारतेवरून प्रेमाची खोली काढता येत नाही.

आधी वयाचं बघू. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. चाळिशीपुढच्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींची गर्दी दिसते. त्या वर्षांत जवळजवळ सगळंच पहिल्यांदा घडत असतं: घराबाहेरची पहिली खोली, पहिला पगार, पहिलं प्रेम. आपण कोण आहोत हेही तेव्हाच ठरत असतं. म्हणून त्या काळातलं किरकोळही ठळक राहतं. आमच्या गृहस्थाला मेसमधल्या पाणचट आमटीची चव आणि पीएमटीच्या बसची गर्दीही तितकीच स्पष्ट आठवत असणार. पण आमटीची आठवण आली म्हणून कुणी स्वतःचा संसार तपासायला बसत नाही.

मग खुणा. आठवणी न बोलावता येतात हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच नोंदवलं होतं. पण ‘न बोलावता’ म्हणजे विनाकारण नव्हे. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात ठरावीक जागी गेल्यावरच पेटणाऱ्या पेशी असतात. जॉन ओकीफ यांना त्या १९७१ मध्ये उंदरांत सापडल्या आणि २०१४ चं नोबेल त्यांना मोसर दांपत्यासोबत मिळालं. प्रसंगांची आठवणही याच भागाच्या आधाराने घडते, त्यामुळे जागा आणि प्रसंग एकमेकांत गुंतलेले असतात. आता हा माणूस ज्या शहरात प्रेमात पडला त्याच शहरात नोकरी करतो. रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन झेड ब्रिजवरून डेक्कनला येतो. कठड्याला टेकून जोड्या उभ्या असतात, खाली मुठा, मागून कुणीतरी हॉर्न वाजवतो आणि तेवढ्यात आठवण येऊन गेलेली असते. हाच माणूस नोकरीनिमित्त नागपूरला गेला असता तर ती आली नसती असं नाही, पण रोज संध्याकाळी साडेसहाला खचितच आली नसती.

वासाची गोष्ट आणखी वेगळी. बाकीच्या संवेदना मेंदूच्या बाह्यभागात पोचण्याआधी थॅलॅमस या टप्प्यावर थांबतात. वासाला हा थांबा लागत नाही. नाकातून आलेला संदेश भावनांशी संबंधित अमिग्डला आणि स्मृतीशी संबंधित भाग यांच्याकडे जवळच्या वाटेने जातो. पहिल्या पावसाच्या वासात जिओस्मिन नावाचं रसायन असतं, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू ते बनवतात आणि त्याचा अगदी लेशमात्र अंशही माणसाच्या नाकाला कळतो. पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत उंदरांच्या घ्राणेंद्रियावर संशोधन चालतं. त्याच पाषाणच्या रस्त्यावर जूनमध्ये कुणाचं मन कुठे जात असेल, कुणास ठाऊक.

आता तिची आठवण आली की आमचा गृहस्थ काय करतो? झटकून टाकतो. सज्जन माणूस आहे. बायको शेजारी बसून भाजी निवडत असताना दुसरीचा विचार करणं त्याला पाप वाटतं. गाडी रुळावरून घसरते ती इथेच. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्याला एकटं बसवायचं, समोर टेपरेकॉर्डर आणि एक घंटी. पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही; आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. पुढच्या पाच मिनिटांत अस्वलाचा विचार करायला सांगितलं, तेव्हा आधी विचार दाबलेल्यांनी घंटी जास्त वाजवली. ज्यांना सुरुवातीलाच तसं सांगितलं होतं त्यांनी कमी. वेग्नर यांनी पुढे याचं स्पष्टीकरण दिलं: विचार टाळायचा, तर तो आला का हे पाहणारा एक पहारेकरी मनात सतत जागा ठेवावा लागतो आणि ज्याला अडवायचं त्याचंच नाव तो घोकत असतो. थकवा आला, ताण वाढला की अडवण्याची ताकद संपते, पहारेकरी मात्र जागाच राहतो. महिनाअखेरीला किंवा रात्री झोप उडाल्यावर जुनी प्रेमं का उसळतात, याचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

झटकणं जमलं नाही की तो उलट टोकाला जातो. घोळवत बसतो. तिचं शेवटचं वाक्य, त्या दिवशी आपण काय बोलायला हवं होतं, जात आड आली नसती तर. परीक्षेच्या अभ्यासात उजळणीने जे होतं तेच इथे होतं: प्रत्येक खेपेला आठवण पुन्हा येण्याची वाट रुंद होते. वर ती जशीच्या तशीही राहत नाही. आठवणं म्हणजे दर वेळी नव्याने जुळवणं, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. २००० मध्ये करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की जागी केलेली भीतीची आठवण काही काळ कच्ची होते. त्या अवधीत अमिग्डलामध्ये प्रथिनं बनणं रोखलं तर ती पुन्हा पक्की होत नाही. माणसाच्या प्रेमाच्या आठवणीला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण बाहेर काढलेली आठवण थोडी बदलून परत ठेवली जाते, एवढं धरून चालायला हरकत नाही.

आणि बदलते ती बहुतेक गोड बाजूला. कटू प्रसंगांची धार गोड प्रसंगांच्या मानाने लवकर बोथट होते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. १९९७ च्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियात तीन आठवड्यांच्या सायकल सफरीवर गेलेल्या विद्यार्थ्यांचे अनुभव नोंदवले होते. सफरीदरम्यान वाटली त्यापेक्षा ती परतल्यावर जास्त छान वाटली. आमच्या गृहस्थाच्या डोक्यातली ‘ती’ बाविशीतच थांबली आहे, तिने कधी गॅस सिलेंडर नोंदवायचा राहिला म्हणून तोंड सोडलेलं नाही, सासूच्या औषधपाण्यावरून वाद घातलेला नाही. शेजारी भाजी निवडणाऱ्या जिवंत बाईची तुलना तो हिच्याशी करतो. बायकोवर हा सरळ अन्याय आहे, आणि त्या दुसरीवरही. तीही आता चाळिशीची असेल आणि तिला तो प्रसंग बहुधा निराळाच आठवत असेल.

मेंदूच्या चित्रांचे दाखले नेहमी दिले जातात, तेव्हा तेही. हेलन फिशर यांच्या गटाने २०१० मध्ये नुकत्याच नाकारल्या गेलेल्या पंधरा जणांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित, हवंहवंसेपणाशी जोडलेले भाग सक्रिय दिसले. पण हे घाव ताजे होते, वीस वर्षांपूर्वीचे नव्हेत. शिवाय बियांका असेवेडो यांनी सरासरी एकवीस वर्षं लग्नाला झालेल्या आणि अजूनही जोडीदारावर मनापासून प्रेम असलेल्या सतरा जणांना जोडीदाराचा फोटो दाखवला, तेव्हाही डोपामिनचे तेच भाग जागे झाले. म्हणजे मेंदूचा तो कोपरा कुणा एकीच्या नावावर कायमचा लिहून दिलेला नसतो.

करायचं काय? आली तर येऊ द्यावी, पाहुणचार करू नये. तिचं प्रोफाइल उघडून बघणं सोडावं: टारा मार्शल यांच्या २०१२ च्या अभ्यासात जुन्या जोडीदाराच्या फेसबुकवर नजर ठेवणाऱ्यांत ओढ आणि त्रास दोन्ही जास्त दिसले. यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्यावरून ठरत नाही, पण बघितल्याने कुणाचं मन शांत झाल्याचं मी ऐकलेलं नाही. जुन्या जागा टाळण्यापेक्षा तिथे नवं काही घडवणं जास्त उपयोगाचं, कारण एका खुणेला जितक्या आठवणी चिकटतात तितकी प्रत्येकीची पकड ढिली पडते. मुलीला घेऊन एफसी रोडला डोसा खायला गेलं तरी पुष्कळ. बायकोला सांगावं का? स्वतःच्या मनावरचा भार उतरवण्यापुरतं सांगायचं असेल तर नको. तिने आपणहून विचारलं तर खोटं बोलू नये.

एक फरक मात्र ओळखायला हवा. आठवण येते, दोन मिनिटं हुरहूर लागते आणि माणूस स्कूटर लावून घरी जातो, हे नेहमीचं. पण झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, कशातच गोडी उरत नाही असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ते नैराश्य असू शकतं. ‘बायकोवर माझं खरंच प्रेम आहे ना’ हे दिवसातून पन्नासदा तपासून पाहिल्याशिवाय चैन पडत नसेल, तर तो ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा, प्रकार असू शकतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची लाज वाटत असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन मोफत, दिवसरात्र कधीही, आणि मराठीत बोलता येतं.