सहा महिन्यांसाठी आलेला योगशिक्षक

योगवर्गाचे शिक्षक बदलले की एक प्रश्न हमखास निघतो: आता कुणाचं धरायचं? आमच्या जुन्या बाई ताडासनात ‘गुडघ्याच्या वाट्या वर ओढा’ म्हणून दरडावायच्या. त्यांच्यानंतर आलेले सर म्हणाले, ‘ताणू नका, श्वास बघा.’ महिनाभर माझी सतरंजी कोपऱ्यात गुंडाळलेलीच होती. हा गोंधळ आपल्याच वाट्याला आलाय असं वाटतं, पण आज ज्यांची नावं घेऊन वर्ग चालतात तेही यातून गेलेले आहेत.

बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले ते डेक्कन जिमखान्यावर सहा महिने शिकवायला. वय अठरा, मराठी येत नाही, आणि शिकणारे त्यांच्याहून धट्टेकट्टे. म्हैसूरला टी. कृष्णम्माचार्यांकडे (हे त्यांचे मेहुणे, थोरल्या बहिणीचे यजमान) जेमतेम तीन वर्षं काढलेली. अडलं तर विचारायला गुरू जवळ नाहीत. मग तासन् तास एकट्यानंच करून बघायचं, चुकायचं, पुन्हा करायचं. सहा महिने संपले आणि ते पुण्याचेच झाले.

1938ची एक मूक चित्रफीत आहे. तीत तरुण अय्यंगार उड्या घेत एका आसनातून दुसऱ्यात जातात. पुढे जगानं ओळखलेले अय्यंगार मात्र एकेका आसनात थांबणारे: भिंतीचे दोर, पट्टे, विटा, खुर्च्या, लोड. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तरी कुठल्या दशकातले अय्यंगार धरायचे?

गुरूंचंही तेच. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या शाळेत मुलांना जोरकस, चपळ आसनं शिकवणारे कृष्णम्माचार्य पुढे मद्रासला एकेकाचं वय आणि प्रकृती पाहून शिकवू लागले. त्यांचे शिष्य पट्टाभि जोईस यांनी म्हैसूरची पद्धत पुढे नेली. मुलगा देशिकाचार यांच्या वाट्याला मद्रासचे वडील आले. त्यामुळे ‘कृष्णम्माचार्य काय शिकवत?’ असं कुणी विचारलं, तर आधी ‘कुठल्या साली?’ हे विचारावं लागतं.

आपल्याकडची दुसरी शाखा नर्मदाकाठच्या मालसरची. तिथल्या परमहंस माधवदासांचे दोन शिष्य. योगेंद्रांनी 1918 मध्ये मुंबईत वर्सोव्याला संस्था काढली आणि योग संसारी माणसाच्या घरात आणला. कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि क्ष-किरण यंत्र नि दाबमापक घेऊन योगक्रिया तपासायला बसले. नौली (पोटाचे स्नायू आत ओढून फिरवण्याची क्रिया) करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून बस्तीत (गुदद्वारातून पाणी घेऊन आतडं धुण्याच्या क्रियेत) पाणी आत ओढलं जातं, हे त्यांनी मोजून दाखवलं. या निर्वात स्थितीला नाव दिलं गुरूंचं, माधवदासांचं! गुरू तोवर हयात नव्हते. मला ही गुरुदक्षिणा फार आवडते.

पुण्यात अय्यंगारांची संस्था 1975 मध्ये सुरू झाली, दिवंगत पत्नी रमामणी यांच्या नावानं. 1984 मध्ये त्यांनी नियमित वर्ग गीता आणि प्रशांत या मुलांवर सोपवले. भावंडांचा बाजही वेगळा: गीताताईंचं स्त्रियांच्या पाळी, गरोदरपणानुसार आसनं बदलण्यावर बारीक लक्ष, तर प्रशांत यांचा ओढा श्वास आणि मनाच्या अभ्यासाकडे. अय्यंगार ऑगस्ट 2014 मध्ये गेले, गीताताई डिसेंबर 2018 मध्ये. आता नात अभिजाता शिकवते.

या संस्थेत वर्गांखेरीज स्वतःच्या सरावासाठी राखलेला वेळ असतो. तेव्हा कुणी सूचना देत नाही; ज्याचं त्यानं करायचं. निवृत्तीनंतरची कितीतरी वर्षं, नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा, अय्यंगार त्याच दालनात इतरांमध्ये आपला सराव करायचे.