वय वंदना कार्ड म्हणजे फुले योजना नव्हे

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनांसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलाजवळ थोडा वेळ थांबले की ‘पाच लाखांचे कार्ड’ हे शब्द हमखास कानावर पडतात. हे कार्ड नेमके कोणत्या योजनेचे, असे विचारले तर मात्र बहुतेक ज्येष्ठांना आणि त्यांच्या मुलांनाही सांगता येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतील वय वंदना आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दोन्हींची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांची आहे, राज्यात त्या एकत्रितपणे राबवल्या जातात आणि दोन्हींसाठी जावे लागते ते त्याच टेबलापाशी.

फरक सुरू होतो तो हक्क कशावर मिळतो यापासून. फुले योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये नागपूरसह उरलेल्या राज्यात आली. तिचा आधार शिधापत्रिका हा आहे. पूर्वी दीड लाखाची असलेली तिची मर्यादा आता पाच लाख झाली असून पांढऱ्या शिधापत्रिकेवरील कुटुंबेही तिच्या कक्षेत आली आहेत. वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. त्याला उत्पन्नाची अट नाही, शिधापत्रिकाही लागत नाही, पण आधारवर वय ७० पूर्ण झालेले असावे लागते. कायद्याने माणूस साठाव्या वर्षी ज्येष्ठ नागरिक होतो, हे कार्ड मात्र त्याला आणखी दहा वर्षे थांबवते. ही दहा वर्षे हृदयाची, गुडघ्यांची आणि मधुमेहाच्या गुंतागुंतीची असतात, म्हणून ही त्रुटी मला सर्वांत जास्त खटकते.

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा हा फरक आम्हाला प्रत्यक्ष भोगावा लागला. मावशी ७३ वर्षांची, पण आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९५८, कारण नोंदणीच्या वेळी दाखला नव्हता आणि समोरच्याने अंदाजाने वर्ष टाकले होते. रुग्णालयात वय वंदना कार्ड निघणार नाही एवढेच सांगण्यात आले. फुले योजनेत केशरी शिधापत्रिका चालेल, हे सांगायची तसदी कोणी घेतली नाही. अर्धा दिवस गेल्यावर शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या सुनेने ते सुचवले, तेव्हा मावशीचा मुलगा घरी जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली शिधापत्रिका घेऊन आला आणि शस्त्रक्रिया मंजूर झाली.

दुसरा फरक राज्याबाहेरचा. नागपूरकरांच्या लेकीबाळी छिंदवाडा, रायपूर, भिलाईला असतात आणि म्हातारपणी माणूस कधी इकडे तर कधी तिकडे राहतो. वय वंदना कार्ड योजना लागू असलेल्या अन्य राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही चालते. फुले योजना मुळात महाराष्ट्राची असल्याने तिच्यावर तिथे विसंबता येत नाही. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर वय वंदनाचे पाच लाख दोघांत मिळून असतात, हेही अनेकांना उपचार सुरू झाल्यावर कळते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत, म्हणजे सीजीएचएसमध्ये असलेल्या निवृत्तांना दोहोंपैकी एकच निवडावे लागते, तेव्हा घाईने सही करू नये. सीजीएचएसच्या दवाखान्यातून महिन्याची औषधे मिळतात, वय वंदनात ती सोय नाही.

खरी उणीव इथेच आहे आणि ती दोन्ही योजनांना सारखीच लागू आहे. डायलिसिस, केमोथेरपी असे काही दिवसभराचे उपचार सोडले, तर दोन्ही योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. घरी सोडल्यानंतर वय वंदनात १५ दिवसांची आणि फुले योजनेत १० दिवसांची औषधे धरली जातात. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची गोळी जन्मभराची असते आणि तिचा खर्च घरच्यांवरच येतो. शिवाय संलग्न रुग्णालय प्रत्येक आजारासाठी संलग्न असतेच असे नाही, त्यामुळे भरती होण्याआधी आयुष्मानसाठी १४५५५ वर आणि फुले योजनेसाठी १५५३८८ वर फोन करून नेमक्या शस्त्रक्रियेचे नाव घेऊन विचारावे.

रोजच्या औषधांसाठी जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतील स्वस्त जेनेरिक औषधांचे दुकान, हा तिसराच मार्ग आहे. तिथे यांपैकी कोणतेही कार्ड लागत नाही आणि चालतही नाही. रोख पैसे देऊन त्याच घटकाची गोळी पुष्कळ कमी किमतीत मिळते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहिले असेल तर त्यांच्याकडूनच घटकाचे नाव आणि मात्रा लिहून घ्यावी, कारण केंद्रात औषध त्याच नावाने शोधतात. मावशीच्या चार गोळ्यांपैकी तीन तिथे मिळाल्या. चौथी शिल्लक नव्हती आणि ती आजही आम्ही बाहेरच्या दुकानातून पूर्ण किमतीला आणतो.